दोघांची विद्यापीठं दोन टोकांना, घर कुठे घ्यावं?

दोन_टोकं
आम्ही दोघंही विद्यापीठात शिकवतो. एका विद्यापीठाच्या फाटकापासून दुसऱ्याच्या फाटकापर्यंत रेल्वेने २ तास लागतात. माझं काम प्रयोगशाळेतलं, त्यामुळे आठवड्याचे ५ दिवस जावंच लागतं. नवऱ्याच्या तासिका ३ दिवसांत बसतात. वाचन, लेखन, पेपर तपासणं घरून होतं. माझी नोकरी कायम, त्याचा करार ३ वर्षांचा. मधल्या गावात घर घ्या म्हणजे दोघांना सारखाच त्रास, असं जो तो सांगतोय. निर्णय घेण्याआधी नेमकं काय काय तपासावं?

बेरीजवजाबाकी
मधोमध राहिल्याने एकूण प्रवास कमी होत नाही, नुसता वाटला जातो. दोघांच्या फेऱ्या सारख्या असतील तर त्या रेषेवर कुठेही राहा, बेरीज जवळपास तेवढीच. फेऱ्या कमी-जास्त असतील तर जास्त फेऱ्या ज्याच्या, त्याच्या टोकाला बेरीज सर्वांत कमी येते.

तुमचेच आकडे घेऊ. घर तुमच्या विद्यापीठापासून १५ मिनिटांवर असेल तर तुमचे आठवड्याला अडीच तास आणि त्यांचे १२ तास (३ दिवस, जाऊन-येऊन ४ तास). एकूण साडेचौदा. मधल्या गावात प्रत्येकाला ६० मिनिटं लागतील असं वाटतं, पण घरातून स्टेशन गाठणं आणि गाडीची वाट पाहणं दोघांच्याही वाट्याला येतं, म्हणून ७५ धरा. तुमचे साडेबारा, त्यांचे साडेसात, एकूण २० तास. १५ आठवड्यांच्या सत्रात हा फरक ८२ तासांच्या वर जातो. त्यांच्या टोकाला राहिलात तर साडेएकवीस.

शेवटची_गाडी
गणित बरोबर आहे, पण नुसत्या बेरजेवर घर ठरवू नये. दिवसाला ४ तास अपडाऊन आणि मध्ये ३ तासिका, म्हणजे त्या माणसाचा दुसरा दिवसही वाया जातो. थकवा तासांच्या प्रमाणात वाढत नाही. एका बाजूला तास-सव्वा तासाच्या पुढे गेलं की तो फार झपाट्याने वाढतो. दोघांनाही ४-५ दिवस जावं लागत असतं आणि एका बाजूचा प्रवास तासाच्या आत बसत असता, तर मीही मधलं गावच सुचवलं असतं. तेव्हाही आधी एवढं बघा, की जलद गाडी तिथे थांबते का. थांबत नसेल तर नकाशावरचा मध्य हा वेळेचा मध्य नसतो.

गाडी बदलावी लागत असेल तर जास्त सावध. पुढची गाडी १० पैकी ९ वेळा मिळते असं धरा. असे दोन बदल असतील तर दोन्ही मिळण्याची शक्यता ०.९ × ०.९, म्हणजे ८१ टक्के. जवळपास दर पाचव्या खेपेला उशीर. मीटिंगला उशीर खपतो, वर्ग आणि परीक्षा थांबत नाहीत. म्हणून सकाळी लागते त्याच्या आधीची गाडी धरावी लागते, आणि ती वाढीव वेळही प्रवासातच मोजायची. संध्याकाळच्या तोंडी परीक्षेनंतर परतीची शेवटची गाडी मिळते का, तेही बघा. चाचणी फेरी रविवारी करू नका. शिकवण्याच्या दिवशी, त्याच वेळेला, लॅपटॉप आणि पुस्तकांच्या ओझ्यासह करा. बसायला जागा मिळते का, हे तेव्हाच कळतं. बसून केलेल्या दीड तासात पेपर तपासून होतात. उभ्याने किंवा गाडी चालवत केलेला दीड तास निव्वळ खर्च.

दोन_टोकं
जागा मिळते आणि गाडी बदलावी लागत नाही. पण ३ दिवस ४-४ तास जास्तच आहेत. तिथे मुक्काम करायचा झाला तर?

बेरीजवजाबाकी
मग चित्र पालटतं. मंगळवारी सकाळी जायचं, दोन रात्री राहायचं, गुरुवारी संध्याकाळी परत. मोठा प्रवास ४ तास आणि खोली ते विद्यापीठ १५ मिनिटांच्या ४ फेऱ्या, म्हणजे १२ ऐवजी ५ तास. एकेरी तिकिटं ६ ची २ होतात, तेव्हा महिन्याचा पास बहुधा परवडणार नाही. सुट्या तिकिटांचा खर्च काढून उरलेली बचत खोलीच्या भाड्यासमोर ठेवा. खोली वर्षभरासाठी घेण्याआधी फक्त सत्राच्या महिन्यांपुरती मिळते का ते विचारा, सुट्टीत ती रिकामीच पडणार. अतिथिगृहावर भिस्त ठेवायची असेल तर सलग किती रात्री देतात आणि परीक्षांच्या काळात खोली काढून घेतात का, हे लेखी विचारून घ्या.

विभागातला_एक
या सगळ्याचा पाया वेळापत्रक आहे आणि ते घराआधी पक्कं करावं लागतं. विभागप्रमुखांशी बोलणं वेळापत्रकाचा कच्चा आराखडा व्हायच्या आधी करा. एकदा वर्गखोल्या वाटल्या गेल्या की कोणी हलवत नाही. दोनच गोष्टी मागा: सलग दिवस, आणि पहिल्या दिवशी पहिली तासिका ११ नंतर. आणि सर्वांत आधी विभागाची बैठक कुठल्या वारी असते ते विचारा. ती शुक्रवारी असेल तर तुमच्या नवऱ्याचे ३ दिवस मुळात ४ आहेत. परीक्षा आणि प्रवेशाच्या आठवड्यांत ५ दिवस जावं लागेल, हेही धरून चला.

भाडेकरू
दोन मुद्दे राहिले. करार ३ वर्षांचा आहे तोवर घर विकत घेऊ नका, निदान त्या करारावर विसंबून तरी नको. भाड्याने घ्या, आणि भाडेकरारात एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडता येईल असं कलम घालून घ्या. ठरलेल्या मुदतीआधी सोडता येणार नाही अशी अट असेल तर ती सत्राच्या शेवटाशी जुळवा.

दुसरं, जो घराजवळ काम करतो त्याच्यावर घरची सगळी कामं आपोआप येऊन पडतात: नळ दुरुस्ती, बँक, पार्सल, पाहुणे. तुमच्या बाबतीत ती तुमच्यावर येतील, आणि प्रयोग चालू असताना तुम्हाला उठता येणार नाही. नवरा घरी असतो त्या दोन दिवसांवर ही कामं आत्ताच लावून टाका. मूल झालं तर शाळा किंवा पाळणाघर असं निवडा की दोघांपैकी एक जण अर्ध्या तासात पोचेल. मंगळवार ते गुरुवार तो एक जण तुम्हीच असाल, म्हणून त्या दिवसांसाठी तिसरं माणूस आधीपासून ठरलेलं हवं.