शब्दचर्चा : 'तालीम' – कोल्हापुरातला अर्थ

प्रश्न :
नाटकवाल्यांची तालीम म्हणजे प्रयोगाआधीचा सराव आणि पैलवानांची तालीम म्हणजे मेहनतीची जागा, एवढं माहीत आहे. पण कोल्हापूरच्या फुटबॉलच्या बातम्यांत 'पाटाकडील तालीम', 'दिलबहार तालीम', 'बालगोपाल तालीम' अशी संघांची नावं दिसतात. फुटबॉलच्या संघाला तालीम कसं म्हणतात?

शिवाजी पेठेतून :
कारण आमच्याकडं तालीम ही आधी माणसांची असते, मग खेळाची. शब्द मूळचा अरबी. 'इल्म', 'आलिम' ज्या धातूपासून आले त्याच धातूचा. अर्थ शिक्षण. मराठीत तो शरीराच्या शिक्षणाला चिकटला. 'अमक्याच्या तालमीत तयार झालेला गवई' म्हणतो तेव्हा मूळ अर्थ अजून धडधाकट असतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. बाहेरगावचे मल्ल गंगावेस, मोतीबाग अशा तालमींत राहून मेहनत करू लागले. पण त्याखेरीज पेठापेठांतून गल्लीची म्हणून एक तालीम असायचीच. आत तांबड्या मातीचा हौदा, भिंतीला मारुती, कोपऱ्यात करेल आणि गदा. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची. आमच्या वडिलांच्या पिढीतली पोरं माती उकरण्यापासून सुरुवात करायची, जोर-बैठका नंतर. वस्ताद आधी खोरं हातात द्यायचा.

तीच पोरं संध्याकाळी मैदानात फुटबॉल खेळायला लागली. संघाला वेगळं नाव शोधायचं कशाला? तालीम होतीच. आज कित्येक तालमींतला हौदा बंद झालाय, तरी पाटी 'तालीम मंडळ' अशीच आहे आणि पेठेचा जीव तिच्यात आहे. शाहू स्टेडियमवर दोन तालमींची मॅच असली की अख्खी पेठ गॅलरीत. लई अभिमानानं सांगतो, असं प्रेम गल्लीच्या संघाला क्वचित मिळतं.

लक्ष्मीपुरीतून :
वरच्या उत्तराला जोड. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आमचे पाहुणे होते. गणपती तोंडावर आलेला, घराघरांत अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती. पाणी उंबऱ्याला लागलं तशी तालमीची पोरं आली. एकेकानं एकेक मूर्ती छातीशी धरून, कंबरभर पाण्यातनं बाहेर. ओला रंग शर्टाला लागलेला. त्यातल्या एकानंही आयुष्यात लंगोट कसला नव्हता. तरी म्हाताऱ्या आत्या सगळ्यांना सांगत होत्या, "तालीम आली म्हणून वाचलो." पोरं आली असं त्या म्हणाल्या नाहीत. कोशात हा अर्थ लिहायचा तर हेच वाक्य उदाहरण म्हणून द्यावं.

पुण्याहून :
'तालीम आली' हे ऐकून चमकलो. आमच्याकडे तालीम 'होते', 'करतात', 'घेतात'. ती येत नाही. म्हणजे इथे शब्द क्रियेचा किंवा जागेचा राहिलाच नाही, समूहाचा झाला. 'गाव जमलं', 'घर जेवलं' म्हणतो तसा. पण मग 'मंडळ' या शब्दानं काम भागलं नसतं का?

मंगळवार पेठेतून :
नाही भागत, दादा. मंडळाची वर्गणी भरली की सभासद होता येतं. तालमीत जन्म घ्यावा लागतो किंवा त्या गल्लीत वाढावं लागतं. मी बाई माणूस. आमच्या तालमीच्या हौद्यात बायकांना पाय ठेवू देत नसत, आणि ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण लग्न होऊन सांगलीला गेले तरी नवीन कोल्हापूरकर भेटला की पहिला प्रश्न तोंडातनं हाच येतो, "कुठल्या तालमीचे तुम्ही?" त्यानं पेठेचं नाव सांगितलं तर मी पुन्हा विचारते. पेठ मोठी असते. तालीम सांगितली की घर कुठं, गणपती कुठला, मॅचला कुणाकडनं ओरडतो, सगळं कळतं. हौद्यात कधी न गेलेली बाईसुद्धा 'आमची तालीम' म्हणते. तेवढ्यावरनं अर्थ लक्षात यावा.

शिवाजी पेठेतून :
ताईंचं बरोबर आहे. लिहिताना एक पथ्य पाळा. 'दोन तालमी झाल्या' हे वाक्य नाटकवाल्यांसाठी ठीक आहे. कोल्हापुरात ते ऐकणारा विचारेल, "फुटली व्हय तालीम?" सराव म्हणायचा असेल तर इथं 'प्रॅक्टिस' म्हणतात, आणि कुस्तीचा असेल तर 'मेहनत'.