इल्टिडची शाळा आणि ३९५ सालची थाप

मोडीवाचक: ‘ब्रिटनचं पहिलं विद्यापीठ’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे वेल्समधल्या लँटविट मेजरला ३९५ साली सम्राट थिओडोसियसच्या नावाने विद्यापीठ निघालं, ४४६ मध्ये आयरिश चाच्यांनी ते जाळलं, मग संत इल्टिडने पुन्हा उभारून दोन हजार विद्यार्थी शिकवले. ही ३९५-४४६ची कथा योलो मॉर्गानुगच्या कागदांतली. अठराव्या शतकातला हा पाथरवट-कवी स्वतः लिहिलेलं प्राचीन म्हणून खपवायचा. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी ते उघडं पाडलं. आणि खरं काय कमी आहे? ५०० च्या सुमाराला इल्टिडचा मठ. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात लिहिलेल्या, त्याचा शिष्य संत सॅमसन याच्या चरित्रात इल्टिडला व्याकरण, वक्तृत्व, भूमिती, अंकगणित जाणणारा, ब्रिटन लोकांतला सर्वांत विद्वान म्हटलंय.

कार्डिफकर: पोस्ट माझी. अकरा वर्षं इथे राहतोय. लँटविटच्या जुन्या चर्चमध्ये एका आजींनी माझ्या मुलीचा हात धरून एकेक दगड दाखवला, ३९५ साल त्यांनीच सांगितलं. त्यांना खोटं ठरवायला तुम्ही कधी इथे आलात? आणि योलोला शिव्या देण्याआधी हेही लिहा, की सॅमसनचं नाव कोरलेला तिथला दगडी खांब जमिनीत गाडला गेला होता, तो १७८९ मध्ये त्यानेच वर काढला.

मोडीवाचक: खांब काढला हे मान्य. पण त्यावरचा सॅमसन इल्टिडचा शिष्य नव्हे, पुढच्या काळातला मठाधिपती आहे. लेखात राजा जुथाहेलचं नाव आहे, तो इल्टिडच्या बऱ्याच नंतरचा. आजी प्रेमळ असतील, त्याने सन बदलत नाही.

शुद्धलेखनवाला: एवढी थोर शाळा, मग त्याच चर्चमधल्या, हाउएल्ट राजाने उभारलेल्या दगडी क्रूसावर ‘इन’ च्या जागी ‘नि’ आणि ‘स्पिरितुस’ च्या जागी ‘स्पेरेतुस’ कसं कोरलंय? नवव्या शतकातला राजा बापाच्या आत्म्यासाठी क्रूस उभारतो आणि लॅटिन असलं!

मोडीवाचक: आपले शिलालेख वाचलेत का कधी? कोरणारा वेगळा, मजकूर देणारा वेगळा. आणि इल्टिड तोवर तीनशे वर्षं मागे पडला होता.

सिन्नरची सून: तुमचं सन-सनावळ चालू द्या. माझा जीव दगडांत अडकलाय. २०१३ मध्ये त्यांनी तिथलं पडकं गॅलिली चॅपल दुरुस्त करून सगळे कोरीव दगड छपराखाली आणले. माझ्या माहेरच्या वीरगळावर बायका कपडे आपटायच्या. मागच्या वर्षी कुणीतरी त्याला ऑइलपेंट फासला, घोड्याचे पाय दिसेनासे झाले. मी बोलले तर म्हणाले, ‘ताई, देव आहे तो.’

कार्डिफकर: ताई, आमच्या गावी वीरगळ सभामंडपाच्या पायरीत घातलाय.

शुद्धलेखनवाला: विषय लँटविटचा आहे.

सिन्नरची सून: विषय जपण्याचा आहे! अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी पुढे हे चर्च जमिनीसकट इंग्लंडमधल्या ट्युक्सबरीच्या मठाला दिलं, १५४० मध्ये तोही मठ राजाने बंद केला. तरी गावाने दगड टिकवले. आम्हाला कुठल्या नॉर्मनांनी अडवलंय? स्पेलिंग मोजत बसा तुम्ही.

शुद्धलेखनवाला: अहो, आवाज चढवू नका. वीरगळ मीही धुऊन काढलेत, नारळाच्या शेंड्यांनी, पाण्याने. ऑइलपेंट मात्र निघत नाही.

सिन्नरची सून: मग आधी हे सांगायचं होतं.

मोडीवाचक: कार्डिफकर, मूळ मुद्दा राहिला.

कार्डिफकर: ३९५ काढतो. दोन हजारही काढतो. ‘पहिलं’ काढणार नाही.

मोडीवाचक: ‘विद्यापीठ’ काढा, ‘शाळा’ लिहा. मग ‘पहिली’ ला मी आडवा येणार नाही, तिच्याआधीची दुसरी मला दाखवता येत नाही.

कार्डिफकर: ‘मठातली शाळा’ लिहितो. आजींना मात्र मी काही सांगणार नाही.