अनुभव हवेत : दावणीला बांधलेली रिटायरमेंट

वर्धारोडवाली
आज बुटीबोरीकडून येताना अर्धा तास एका कुटाराच्या (गुरांच्या भुशाच्या) ट्रॉलीमागे अडकले. जाळी बांधून दोन्हीकडून फुगवलेली, ओव्हरटेक करायला जागाच नाही, मागचे सगळे हॉर्न मारून राहिले. मी काच खाली केली. हरभऱ्याचं नवं कुटार! वास नाकात गेला, आणि काटोलचा आमचा गुरांचा कोठा आठवायच्या आधी मला आठवलं अमेरिकेतलं कोलोरॅडो. आता हसा.

२०१९ च्या मार्चमध्ये लेकीकडे गेले होते. तिच्या मैत्रिणीच्या आईवडिलांचं गनिसनच्या बाजूला डोंगरात रँच आहे. तिथे आठ दिवस राहिले. उंची २,३०० मीटर. आपली कळसूबाई १,६४६. त्याच्याही वर या लोकांच्या गाई बर्फात मोकळ्या उभ्या.

तो ७२ चा, ती ६९ ची. पहिल्याच दिवशी म्हणाले, आम्ही आता अर्धे रिटायर. आधी ३०० गाई होत्या, आता ६०, बाकी कुरण शेजाऱ्याला भाड्याने. मला वाटलं, चला, बसून कॉफी पीत असतील. रात्री २ ला दार वाजलं. ती बॅटरी घेऊन बाहेर निघालेली. फ्रिजवर कागद चिकटवलेला : ११ तो, २ ती, ५ तो. गाई विण्याचा हंगाम. उणे १५ मध्ये ओलं वासरू पडलं की कानाची टोकं गोठून गळून पडतात म्हणे.

तिसऱ्या रात्री तिने एक वासरू ओढत आणलं ते थेट बाथरूममध्ये. टबात कोमट पाणी. जीभ थंडगार, बोट घातलं तर चोखत नव्हतं. मग फरशीवर जुने टॉवेल टाकले, माझ्या हातात हेअर ड्रायर दिला आणि ती चिक (विल्यानंतरचं पहिलं दूध) गरम करायला गेली. ३५ किलोचं ते धूड मांडीशी घेऊन मी, पुण्याहून घेतलेल्या नव्या शालीत, पाऊण तास ड्रायर फिरवत बसले. पहाटे त्याने माझं बोट चोखलं. त्या घरात कौतुक वगैरे काही झालं नाही. तो आला, बघितलं, म्हणाला, बरं झालं, आणि कुऱ्हाड घेऊन टाक्यांवरचा बर्फ फोडायला गेला.

उन्हाळ्यात तरी आराम? नाही. जून-जुलैत गाई वर सरकारी जंगलात चरायला जातात. परवान्यावर, किती गाई आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते ठरलेलं. त्या वर गेल्या की खाली गवत कापायचं, वाळवायचं, अर्ध्या-अर्ध्या टनाचे गठ्ठे बांधायचे, पुढच्या हिवाळ्यासाठी. त्या गठ्ठ्यांच्या नारिंगी सुतळीने त्यांचं अर्धं घर बांधलेलं आहे. फाटक सुतळीने, गाडीचं हूड सुतळीने, त्याचा कंबरपट्टासुद्धा.

दोघांनी मिळून घराबाहेर एक रात्र काढल्याला नऊ वर्षं झाली होती. ते मला तेव्हा ऐकून विशेष वाटलं नाही. आज ट्रॉलीमागे वाटलं. माझ्या आईने आणि बाबांनी तरी कधी काढली?

तुमच्या घरी आहे का असं जोडपं? डोंगरातलं, पठारावरचं, कुठलंही. लिहा.

भर_उन्हात
वासराला हेअर ड्रायर! इथे मनुष्याला पंखा मिळत नाही मार्चमध्ये.

आर्वीकर
वाचून झालं आणि आईला फोन केला. माझे बाबा एसटीतून रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. आर्वीच्या वरच्या अंगाला, डोंगरपट्ट्यात पाच एकर आणि गवळाऊ गाई. एकेकाळी नऊ होत्या, आता दोन गाई, एक गोऱ्हा आणि एक म्हातारा बैल. गवळाऊ म्हणजे काय ते इथे सांगायची गरज नाही, पण पुण्याच्या शालवाल्यांसाठी : पांढरी, अंगाने हलकी, चालीला तेज. दुधाला मात्र देवाचं नाव घ्या. सकाळी दोन लिटर मिळालं की बाबा खूश.

माझ्या लग्नात आई हळदीला आली आणि रात्रीच्या गाडीने परत गेली. सकाळी बाबा आले लग्न लावायला. एकच फोटो आहे दोघांचा, तोही आदल्या दिवशी कोठ्यात काढलेला, मागे गाईचं शेपूट. सासरचे लोक आजही विचारतात, काऊन, काही भांडण होतं का?

वर्धारोडवाली
हे भारी आहे हो. शिफ्टमध्ये लग्न 😄

सेमिनरीहिल्सचा_म्हातारा
मी निवृत्त पशुवैद्यक. दोन गोष्टी सांगतो, मग तुमचं चालू द्या.

एक, त्या बाईंना रात्री २ ला उठायचं नसेल तर गाभण गाईंना मुख्य खुराक संध्याकाळी द्यावा. मग जास्त गाई दिवसा वितात. कॅनडातल्या एका रँचवाल्याच्या हे १९७० च्या दशकात लक्षात आलं, नंतर विद्यापीठांनीही तपासून पाहिलं. सगळ्याच दिवसा वितात असं नाही, पण झोप वाढते.

दोन, आपल्याकडे अजूनही जार (वार) पडेपर्यंत वासराला चिक पाजत नाहीत. हे कृपया बंद करा. पहिल्या तास-दोन तासांतला चिक वासराचं आयुष्य ठरवतो. नंतर आतडी ती ताकद कमी-कमी शोषतात, एका दिवसानंतर जवळपास नाहीच. त्या रँचवरची बाई मध्यरात्री चिक गरम करायला पळाली ती उगाच नाही. आणि जार ओढू नका. १२ तास गेले तरी पडला नाही तर डॉक्टर बोलवा, शेजारी नको.

खरवसप्रेमी
चिकाचा विषय निघालाच आहे तर नागपुरात चांगला खरवस कुठे मिळतो? दूध पावडर आणि अगारवाला नको.

भर_उन्हात
वाटच बघून राहिलो होतो, कोण विचारतं म्हणून.

महालातली_सून
थोडं कडू लिहिते, राग मानू नका. सगळे बाबांचं कौतुक करून राहिले. रिटायर बाबा झाले, आई कधी नोकरीवरच नव्हती म्हणून तिला रिटायरही होता येत नाही. माझ्या सासूबाई रामटेकच्या बाजूच्या. सासरे म्हणतात, आता आम्ही फक्त तीन म्हशी ठेवल्या, टाइमपास. टाइमपास त्यांचा. ते सकाळी दूध घेऊन डेअरीवर जातात, फॅट लावून घेतात, चौकात तर्री-पोहे खातात, दहाला येतात. तोवर या बाईने शेण काढलेलं, कोठा धुतलेला, ढेप भिजवलेली, गोवऱ्या थापलेल्या. उजव्या हाताचा अंगठा सकाळी वाकत नाही, गरम पाण्यात धरावा लागतो. मग धारेला बसतात. मी म्हटलं, एक तरी म्हैस विका. तर मलाच म्हणतात, ती माझ्याशिवाय कोणाला पान्हा सोडत नाही.

कुकर झाला. बाकी नंतर.

आर्वीकर
राग काहून येईल ताई. खरं आहे. माझ्या घरी शेण आईच काढते.

वर्धारोडवाली
@महालातली_सून तिकडेही फ्रिजवरची २ ची पाळी तिचीच होती बघा. ११ ची आणि ५ ची त्याची, म्हणजे झोप तिचीच मधोमध मोडायची. मी विचारलं तर म्हणाली, त्याला परत झोप लागत नाही, मला लागते.

चिखलदऱ्याचा_भाचा
मामा-मामी चिखलदऱ्याच्या खाली, गवळ्यांच्या वस्तीत. मामाने म्हशी कमी केल्या पण भट्टी चालू आहे. पावसाळ्यात दूध खाली न्यायची सोय नाही, धुकं असं की पुढचा माणूस दिसत नाही, म्हणून दुधाचा खवाच करायचा. मामी लोखंडी कढईसमोर चार-चार तास उलथनं फिरवत. लहानपणी सुट्टीत गेलो की कढईच्या काठाची खरवड आम्हा पोरांची, त्यावरून मारामाऱ्या.

दोन वर्षांपूर्वी वाघाने एक म्हैस मारली, ओढ्यापाशी. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नसतं. मामा दिवसभर तिच्यापासून शंभर पावलांवर दगडावर बसून राहिला, कावळे हाकलत. पैसे मिळाले नंतर. पण त्या दिवसापासून मामी ओढ्यावर जात नाही, फेऱ्याने जाते. मामा रोज संध्याकाळी हाका मारतो तेव्हा त्या म्हशीचंही नाव घेतो, सवयीने. मग गप होतो.

भर_उन्हात
😔

प्रतापनगर_बॉईज
एक शंका आहे, वाईट वाटून घेऊ नका. त्या कोलोरॅडोच्या गाई दुधाच्या नव्हत्या ना? मग वासरांचं काय करतात?

वर्धारोडवाली
हो, ते मीच टाळलं होतं लिहायचं. मांसासाठीच असतात. काळ्या अँगस. वासरं ऑक्टोबरात लिलावाला जातात, सहा-सात महिन्यांची झाली की. मी ज्याला ड्रायर मारला तेसुद्धा. मी तिला सरळ विचारलं, मग रात्री एवढं कशाला करतेस? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, ते थंडीत कुडकुडत होतं ना. जेवायला मला आठ दिवस बटाटे, राजमा आणि मक्याची भाकरीसारखी पोळी करून घातली, एकदाही वेगळं पाडलं नाही.

त्याच्या कानात नंबर होता, नाव नव्हतं. आपल्याकडे पिवळा बिल्ला आला, १२ आकडी, तरी चंपा ती चंपाच.

प्रतापनगर_बॉईज
समजलं. धन्यवाद काकू.

आर्वीकर
आमच्या म्हाताऱ्या बैलाचं कोणाला काय सांगू. २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आला तेव्हापासून असल्या बैलाला बाजारात कोणी विचारत नाही. शेती ट्रॅक्टरने होते. तो नुसता उभा असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा त्याचे खांदे तूप-हळदीने शेकतात, ज्या खांद्यावर पाच वर्षांत जू नाही. यंदा विचारलं, कशाला? तर म्हणे, तू पण एसटीचा पास ठेवलाच ना माझा जपून.

अडमिनभाऊ
कायद्यावर इथे चर्चा नको मंडळी, त्यासाठी वेगळा धागा आहे.

आर्वीकर
कायद्यावर नाही भाऊ, बैलावर बोलून राहिलो.

उमरेडची_पोर
आम्ही गाई विकल्या २०२२ मध्ये, लम्पीत एक गेली त्यानंतर. आता आईबाबा माझ्याकडे, नागपूरला बेसा भागात. बाबा पहाटे ४ ला उठून बाल्कनीत उभे राहतात. खाली सोसायटीत मोकाट गाई येतात, त्यांना वरूनच ओरडतात, 'हुर्र, तिकडे नको जाऊ, खड्डा आहे.' वॉचमन तक्रार घेऊन आला होता.

खरवसप्रेमी
तर खरवस कुठे मिळतो हे कोणी सांगितलंच नाही.

महालातली_सून
आले परत. दादा, खरवस विकत मिळत नसतो, ओळखीने मिळतो. सासूबाईंची म्हैस जूनमध्ये व्यायची आहे. पहिल्या दिवसाचा चिक वासराचा (डॉक्टरकाका, वाचलं मी). उरला तर कळवते. गूळ आणि वेलची, बस. जायफळ टाकणाऱ्यांशी आम्ही बोलत नाही.

खरवसप्रेमी
जायफळाशिवाय??

सेमिनरीहिल्सचा_म्हातारा
वासरू पोटभर प्यालं की पहिल्या दिवसाचाही उरतो बरेचदा. जायफळ हवंच.

आर्वीकर
मघाशी सांगितलं ना आईला फोन केला, तर त्यातून नवीनच निघालं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, शनिवारी नागपुरात. आई महिनाभरापासून लपवून राहिली, कारण दोघं इकडे आले तर कोठ्यात कोण? चुलतभाऊ वर्ध्याला लग्नात. बाबा म्हणून राहिले, एकटाच येतो बसने. एका डोळ्याने!

बायको म्हणाली, तूच जा, दोघांना इकडे पाठव. सुट्टी टाकली. पहिल्यांदाच दोघं सोबत येतील आमच्या घरी, आणि मी नसेन. चालते. कुटार टाकता येतं, पाणी दाखवता येतं, झटका मशीन रात्री चालू करायचं तेही माहीत आहे, रानडुकरं येतात खूप. पण धार काढली नाही मी आजवर. गाय लाथ मारते का अनोळखी माणसाला? डॉक्टरसाहेब, व्हिडिओ बघून जमेल काय?

सेमिनरीहिल्सचा_म्हातारा
व्हिडिओ राहू द्या. शुक्रवारीच जा, एक धार आईसोबत बसा. दुसऱ्या धारेला आईचं नेसतं लुगडं खांद्यावर घ्या, गाय वासाने ओळखते. आधी वासरू सोडा, पान्हा आला की बाजूला घ्या. घाई करू नका. आणि नखं कापून जा.