हात गोदामात ठेवता येत नाहीत
'गरज पडेल तेव्हा अणुपाणबुडी बांधू, तोवर गोदी पोसायची कशाला' असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ब्रिटनला याचा फटका बसलाय. बॅरोच्या गोदीतून व्हॅनगार्ड वर्गातली शेवटची पाणबुडी १९९८ मध्ये पाण्यात उतरली, त्यानंतरची अस्ट्यूट थेट २००७ मध्ये. मधल्या काळात जुने डिझायनर, वेल्डर पांगले. शेवटी अमेरिकेच्या 'इलेक्ट्रिक बोट' या अणुपाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागली. जाड पोलादावरचा वेल्ड एक्स-रेत पास करणारा हात रोजच्या कामानेच तयार होतो, तो गोदामात जपून ठेवता येत नाही.

वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांचंही तसंच आहे, काम सलग हवं. म्हणून २०१७ साली आपल्याकडे ७०० मेगावॉटच्या १० अणुभट्ट्यांना एकदम मंजुरी मिळाली, ते मला फार मोलाचं वाटतं. सुटी एकेक ऑर्डर येणार असेल तर कोणता फोर्जिंगवाला (तापलेलं पोलाद दाबून अवजड भाग घडवणारा) त्यासाठी नवीन प्रेस बसवेल?