पगार मोठा, रजा बिनपगारी
अमेरिकेचं दरडोई उत्पन्न जर्मनी-जपानपेक्षा जास्त, म्हणजे तिथलं जगणंही सरस, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पगार जास्त आहेत, मान्य. पण जीडीपीच्या जवळपास १७ टक्के आरोग्यावर खर्चूनही २०२२ मध्ये तिथलं सरासरी आयुर्मान ७७.५ वर्षं होतं. जपानचं ८४ च्या आसपास. आणि बाळंतपणाची रजा? अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे, तेही बिनपगारी. जर्मनीत १४ आठवडे भरपगारी मिळतात. माझी भाची टेक्सासला असते. सहा आठवड्यांचं लेकरू पाळणाघरात ठेवून कामावर रुजू झाली. दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून पंपाने दूध काढायची. पोरीचा पगार आमच्या अख्ख्या घरापेक्षा जास्त आहे हो, पण तेव्हा फोनवर नुसती रडायची.