ओएम, वायएल, एक्सवायएल : मराठीत काय लिहावे?

नार्वेकाठ :
बाबा डिचोलीत हौशी रेडिओ चालवायचे. त्यांची क्यूएसएल कार्डे, म्हणजे रेडिओवर संपर्क झाल्याची पोच देणारी कार्डे, मी गावच्या वाचनालयातल्या छोट्या प्रदर्शनासाठी मराठीत आणते आहे. तारीख, वेळ, बँड, सिग्नलचा अहवाल यांत काही अडत नाही. अडते ते संबोधनांपाशी. एका कार्डामागे पेनाने लिहिलेय : 'टीएनएक्स एफईआर क्यूएसओ डीआर ओएम. ७३ ईएस ८८ टू एक्सवायएल.' म्हणजे, संपर्काबद्दल आभार, प्रिय ओएम; शुभेच्छा (७३), आणि एक्सवायएलला ८८. ओएम म्हणजे ओल्ड मॅन. बाबा तेव्हा तिशीत होते, त्यांना 'प्रिय म्हातारबुवा' कसे लिहू? वायएल म्हणजे यंग लेडी, आणि एक्सवायएल म्हणजे लग्नाची बायको, शब्दशः 'माजी तरुणी'! त्यात ८८ चा अर्थ 'प्रेम आणि मुके'. आई म्हणते, ते कार्ड लावूच नकोस. मला लावायचेय.

फोंडेकर :
ओएमला 'स्नेही', ७३ ला 'लोभ असावा', ८८ टू एक्सवायएलला 'सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार'. झाले काम. आपल्या पत्रांचा मायना आणि शेवट इतका समृद्ध असताना परकी आद्याक्षरे मराठी मजकुरात कशाला ठेवायची?

मांडवीपार :
'लोभ असावा' फार चांगले. ७३ तसेच वापरतात, निरोप घेताना, एकदाच. 'सेव्हंटी-थ्रीज' असे अनेकवचन केले की जुने लोक कान धरतात, कारण ७३ मध्येच शुभेच्छा अनेकवचनी आहेत. मोर्समध्ये ते ऐकायलाही सुरेख : दोन डॅश तीन डॉट, मग तीन डॉट दोन डॅश. उलटे वाचले तरी तेच.

'स्नेही' मात्र पटत नाही. स्नेह जुळायला वेळ लागतो. ओएम पहिल्याच हाकेला म्हणतात, ज्याचे तोंड कधी पाहिले नाही त्याला. नुकताच परवाना मिळालेला शाळकरी मुलगा ओएम, निवृत्त न्यायाधीशही ओएम. हवेवर हुद्दा नसतो, पहिले नाव आणि कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह) एवढेच. बोलताना समोरच्याचे कॉलसाइन आधी, आपले नंतर, हीसुद्धा अदबच आहे. आपल्याकडे नवीन पोरे सवयीने 'सर, सर' करतात, तेव्हा मला राहवत नाही, मी तिथेच सांगतो. आपल्या नेटवर (ठरल्या वेळी हवेवर भरणाऱ्या बैठकीत) तर ओएम नावाआधी लावतात, अगदी 'श्री' लावावा तसे.

साखळीवाला :
ते 'श्री'सारखे लागते, कारण आपण ते 'ओम' असेच ऐकतो. माझे काका तर ठामपणे सांगायचे की हा आपला ॐ, इंग्रजांनी तारखात्यातून उचलला.

मांडवीपार :
काकांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, तसे नाही. 'ओल्ड मॅन' हे इंग्रजीतले जुने सलगीचे संबोधन. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशींच्या संघटनेचे एक संस्थापक हायरम पर्सी मॅक्सिम त्यांच्या मासिकात 'द ओल्ड मॅन' याच नावाने लिहीत. त्यात ॐ कुठून येणार? आणि मोर्समध्ये ओएम म्हणजे आधी तीन डॅश, मग दोन. मधली फट राहिली नाही तर समोरच्याला शून्य ऐकू येते.

साखळीवाला :
संस्थापकाने टोपणनाव घेतले म्हणून शब्द तिथून आला, हेही सिद्ध होत नाही.

मांडवीपार :
मी तसे म्हटलेलेच नाही. शब्द आधीचाच आहे.

काणकोणकर :
एवढे दूर कशाला जाता? गोव्यात शब्द तयार आहे : बाब. पाळण्यातल्या पोराला बाब, सत्तर वर्षांच्या भाटकारालाही बाब. वयाचा संबंध नाही, मान आणि माया दोन्ही आहेत. ओएम याहून वेगळे काय करतो? आणि वायएलला बाय. वायएल म्हणजे कोणतीही स्त्री ऑपरेटर, वीस वर्षांची असो की ऐंशीची. बायही तशीच : नातही बाय, आजीही बाय.

फोंडेकर :
जोडी सुंदर आहे, मान्य. पण ती कोकणी आहे. मराठी प्रदर्शनातल्या फलकावर 'प्रिय बाब' लिहिले तर कोल्हापूरचा वाचक 'बाब म्हणजे मुद्दा' असे वाचेल.

काणकोणकर :
प्रदर्शन डिचोलीत आहे, कोल्हापुरात नाही. आमच्या घरात मराठी बोलतानाही बाब येतोच. गोव्यातल्या मराठीला गोव्याचा शब्द चालत नसेल, तर ती मराठी कोणाची?

सांकवाळची :
मी स्वतः परवानाधारक आहे, म्हणून बोलते. वायएलबद्दल तक्रार नाही. बाईचा आवाज बँडवर आला की चार स्टेशने एकदम हाक मारतात, हा अनुभव प्रत्येकीचा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद अंदमानातून हवेवर होत्या, जगभरचे लोक त्यांच्या हाकेसाठी रांग लावून होते, आणि त्सुनामी आल्यावर त्याच स्टेशनवरून निरोप गेले. त्यांना कोणी वायएल म्हटले तर त्यात अभिमानच आहे.

एक्सवायएल मात्र मला खटकते, आणि भाषांतरात ते झाकून टाकणेही खटकते. पुरुषाला लग्नाआधी ओएम, लग्नानंतरही ओएम. मी माझ्या नवऱ्याचा उल्लेख हवेवर करते तेव्हा तोही 'माझा ओएम', आणि त्याच्याकडे परवाना नाही! बाईला तेवढे लग्न झाले की 'एक्स'. फोंडेकरांचे 'सौ.' लिहून हे गुळगुळीत होईल, पण वाचणाऱ्या मुलींना मूळ शब्द कळायला हवा. बायकांनी आपसांत ३३ हा वेगळा आकडा वापरायला घेतला, तोही अशाच गरजेतून असावा असे मला वाटते.

फोंडेकर :
'सौ.' वर राग का? तो आपला शिष्टाचार आहे.

सांकवाळची :
रागाचा प्रश्न नाही. 'सौ.' आणि 'गं. भा.' हेही बाईचे लग्न नावाआधी सांगतात. म्हणजे भाषांतर अचूकच होईल, पण खोड तशीच्या तशी इकडे येईल. एवढेच दाखवतेय.

मांडवीपार :
पूर्वी मराठीत बायकोला 'कुटुंब' म्हणत, 'आमची मंडळी' म्हणत. गोव्यात 'घरकान्न'. यांतले एकही 'माजी' म्हणत नाही, हे लक्षात घ्या. ८८ बद्दल आईंना सांगा की त्यात वावगे काही नाही. घरच्या बाईला ८८ पाठवणे ही रीतच होती. माझ्या बायकोलाही कित्येक आली, तिने ती कपाटाला आतून चिकटवलीत.

साखळीवाला :
मुळात भाषांतराची गरज काय? 'सा. न. वि. वि.' चे आपण करतो का? ती. , चि. , रा. रा. ही आपली तारयंत्राच्या आधीची आद्याक्षरे. ओएम आणि ७३ तसेच ठेवा, खाली एक ओळ खुलासा. ७३ तर १८५९ च्या वेस्टर्न युनियन या अमेरिकी तार कंपनीच्या संकेतांतही आहे, म्हणजे रेडिओच्या आधीचे. इतके जुने नाणे वितळवायचे कशाला?

फोंडेकर :
सा. न. वि. वि. उलगडून वाचणारी पिढी संपली म्हणूनच ते मेले. खुलाशावर जगणारा शब्द किती दिवस टिकणार?

नार्वेकाठ :
आईला कपाटाची गोष्ट वाचून दाखवली. तिचा विरोध थोडा मवाळ झालाय, पण फलकावर 'मुके' नको म्हणते. बाब-बाय मला आतून पटतेय. सांकवाळचीताई, एक्सवायएल मूळ ठेवून खाली अर्थ द्यावा का?

साखळीवाला :
नार्वेकाठ, त्याआधी एक विचारतो. डब्यात 'सीआर८' ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनचे एखादे कार्ड आहे का? पोर्तुगीज अमदानीत गोव्याचा उपसर्ग तो होता. १९६१ नंतर गोवा वेगळा देश म्हणून मोजला जाईना, आणि डीएक्स करणाऱ्यांच्या (दूरदूरच्या देशांशी संपर्क साधणाऱ्यांच्या) यादीत तो 'रद्द' खाली गेला. असे कार्ड असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून ते मधोमध लावा.

नार्वेकाठ :
बाबांना परवाना मुक्तीनंतर बराच उशिरा मिळाला, त्यांची सगळी कार्डे व्हीयू२ ची, म्हणजे भारतीय उपसर्गाची. पण त्यांना कोणा जुन्या ऑपरेटरने काही जुनी कार्डे दिली होती, ती वेगळ्या पाकिटात आहेत. रविवारी बघते.

काणकोणकर :
सापडले तर इथे फोटो टाका. त्यावर पोर्तुगीजमध्ये संबोधन काय लिहिलेय, ते बघायचेय.

सांकवाळची :
आणि ते पुरुषाचेच आहे असे धरून चालू नका.