मदत हवी आहे: कँपर व्हॅनखाली काहीतरी टपकतंय, उद्या आंबा घाट चढायचाय

भटकी_मिनीबस, रात्री ८:५०
मंडळी अर्जंट आहे. गाडीखाली काहीतरी गळतंय. काल सकाळी वाटीएवढा डाग होता, आज ताटाएवढा झालाय. रंग लालसर असावा, पण खाली सगळी तांबडी माती त्यामुळे नक्की सांगता येत नाही. वास काही येत नाही, मला सर्दी आहे. इथल्या एका गॅरेजवाल्याला दाखवलं, तो उभ्या उभ्या वाकला आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आठ दिवस लागतील म्हणाला. आम्हाला सकाळी सहाला निघून कोल्हापूर गाठायचंय, परवा ऑफिस आहे. फोटो अपलोड होत नाहीये, रेंजची बोंब. गाडी चालवू का नको एवढंच सांगा.

पानाहातोडी, ८:५८
कुठली गाडी, कुठलं साल, किती चाललीये, डाग नेमका कुठे, पुढच्या चाकाशी, मध्ये का मागे? रात्रभर उभी असताना गळतं का चालवून आणल्यावर? नुसतं "गाडीखाली" म्हणजे डॉक्टरला फोन करून "दुखतंय" म्हणण्यासारखं झालं.

डिझेलदादा, ९:०१
लालसर म्हणजे पॉवर स्टीअरिंगचं ऑइल. डोळे झाकून. माझ्या गाडीचं असंच होतं, तीन गॅरेज फिरलो, शेवटी होजपाइपची क्लिप ढिली निघाली. क्लिप आवळा आणि निघा, बाकी कुणाचं ऐकत बसू नका.

हिरवा_दिवा, ९:०६
युरिया असू शकतो. बीएस सहाच्या, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या, बऱ्याच डिझेल गाड्यांना धूर साफ करायला वेगळी टाकी असते, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. गळून वाळला की पांढरे खडे धरतात. ते खडे गरम पाण्यानं धुवायचे, पान्यानं खरवडायचे नाहीत.

भटकी_मिनीबस, ९:१५
सॉरी, घाईत राहिलं. शाळेची जुनी मिनीबस घेऊन कँपर बनवलीय, २०१४ ची, डिझेल, साधे गिअर. आत बेड, बेसिन, १०० लिटरची पाण्याची टाकी, मागे इन्व्हर्टर. डाग डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या थोडा पुढे. रात्रभर उभी असताना गळतं. गणपतीपुळ्याजवळ आहोत.

पानाहातोडी, ९:१९
२०१४ ची आहे म्हणजे युरियाचा विषय संपला. बीएस सहा २०२० च्या एप्रिलपासून.
आणि डिझेलदादा, स्टीअरिंगचा पंप इंजिनपाशी. ते ऑइल मागच्या चाकापर्यंत चालत गेलं का?

डिझेलदादा, ९:२३
चालत नाही, वाऱ्यानं जातं. गाडी पळताना पुढचं ऑइल मागे उडतं, म्हणून जिथे थेंब पडतो तिथे गळती नसते. कधी गाडीखाली झोपलाय का तुम्ही?

पानाहातोडी, ९:३१
झोपलोय, बावीस वर्षं तेच केलं. वाऱ्याचं बरोबर आहे, पण मग पुढपासून मागपर्यंत सगळं चोपडं झालं असतं, त्यावर धूळ बसली असती. उभ्या गाडीखाली एकाच जागी ताट उमटत नाही.
भटकी, दोन कामं करा. बिस्किटाचा खोका फाडून पुठ्ठा डागाच्या जागी सरकवा आणि चाक कुठे येतं त्याची पेनानं खूण करा, म्हणजे मातीचा रंग मध्ये येणार नाही. थेंब जमले की वाटीत पाणी घेऊन त्यात टाका. वर तरंगलं तर इंजिन, गिअर, हाउसिंग (मागच्या आसाचं), स्टीअरिंग यांचं ऑइल नाहीतर डिझेल. विरघळलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी), ब्रेक ऑइल किंवा तुमच्या बेसिनचं पाणी.

सह्याद्री_७८, ९:३४
एवढं कशाला, बोट लावून जिभेला लावा, लगेच कळतं. आमचे मेस्त्री तसंच करायचे.

रसिका, ९:३७
अहो काहीही काय सांगता! कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी. कुत्री गोड लागतं म्हणून चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन जातात. भटकी, चाखू नका आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

नियमावली, ९:४१
बाकी चालू द्या, पण बसमध्ये बेड टाकलेत ते आरटीओकडून पास करून घेतलेत का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरसीवर नोंद नसेल तर अपघातात विमावाले हात वर करतात.

भटकी_मिनीबस, ९:४४
नोंद आहे हो. सध्या गळतीचं बघू का?

कॅराव्हॅन_काका, ९:५०
मी सांगतो, पाण्याची टाकी. आमच्याकडे दोन महिने हाच घोळ चालला होता. सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि गप्प बसून ऐका. मध्येच टुक टुक करून बंद झाला तर पंपाच्या पुढच्या पाइपात कुठेतरी गळतंय, कारण प्रेशर उतरल्याशिवाय पंप सुरू होत नाही. आमचा एक जॉइंट हिसक्यांनी सैल झाला होता. तेव्हापासून मी कडक पाइप वापरतच नाही, कुणाला हवं असेल तर वेगळा धागा काढतो. बाय द वे २०२१ ला राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं तेव्हा किती आशा होती, आजही पार्किंगला प्लगपॉइंट मागितला तर लोक वेड्यात काढतात.

भटकी_मिनीबस, १०:२५
पंप गप्प आहे. पुठ्ठ्यावर सात-आठ थेंब मिळाले. पाण्यात टाकल्यावर विरघळले, पाणी गुलाबी झालं. म्हणजे कूलंट? माझं कूलंट गुलाबीच आहे पण बाटलीतली लेव्हल बरोबर आहे. हात लावला तर चिकट लागतं. आणि पुठ्ठ्यावर मुंग्या आल्यात.

डिझेलदादा, १०:२८
गुलाबी म्हणजे लालच की.

पानाहातोडी, १०:३०
विरघळलं ना दादा. विषय संपला.
मागे हीटर किंवा मागचा एसी आहे का? मिनीबसला कधी कधी कूलंटचे पाइप मागपर्यंत गेलेले असतात.

रसिका, १०:३३
कूलंट जास्त करून बुळबुळीत लागतं, असं पाकासारखं चिकट सहसा नसतं. भटकी, त्या जागेच्या वर गाडीत काय आहे?

भटकी_मिनीबस, १०:४१
मागे हीटर नाही. वर सामानाची डिकी, तिला खाली पाणी जायला भोक ठेवलंय. डिकीत खुर्च्या, गॅसची शेगडी वगैरे, बाकी बायकोनं आणि सासूबाईंनी काय भरलंय माहीत नाही, आता दोघी झोपल्यात.
अजून एक, तसा संबंध नाही पण सांगतो. डॅशबोर्डवर तो लाल गोल आणि उद्गारचिन्हाचा दिवा परवापासून लुकलुकतोय, वळणावर जास्त. हॅण्डब्रेकचा सेन्सर जुनाच खराब आहे, त्यामुळे दुर्लक्ष केलं.

पानाहातोडी, १०:४४
संबंध नाही?? अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं!
तो दिवा हॅण्डब्रेकसाठी असतो तसाच ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. वळणावर बाटलीतलं ऑइल एका बाजूला जातं, त्यावर तरंगणारा फ्लोट खाली येतो, दिवा लागतो. वळण संपलं की विझतो. आत्ता बॉनेट उघडून लेव्हल बघा. मग चारही चाकांची आतली बाजू टॉर्चनं बघा. टायर आतून ओलं असेल तर बोट लावा. दाट आणि गंधकासारखा वास आला तर हाउसिंगचं ऑइल, पातळ आणि पाण्यानं धुतलं जाणारं असेल तर ब्रेकचं. वास घ्यायला घरातलं दुसरं नाक न्या. रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो.

घाटमाथा, १०:५०
उगाच घाबरवू नका माणसाला. रत्नागिरीकडून आंबा घाट चढ आहे, चढाला ब्रेक लागतो कुठे?

पानाहातोडी, १०:५२
पुढे ट्रक बंद पडला की लागतो. भरलेली गाडी चढावर मागे घरंगळायला लागली की मग विचारा कुठे लागतो.

घाटमाथा, १०:५५
हॅण्डब्रेक असतो.

रसिका, १०:५६
त्याचाच तर सेन्सर खराब आहे म्हणतात, केबल बरी असेल कशावरून? गाडीत म्हातारं माणूस आहे, इथे पैजा कसल्या लावताय.

भटकी_मिनीबस, ११:२०
लेव्हल खालच्या रेघेच्याही खाली आहे. मागचं डावं टायर आतून ओलं, पातळ, पाण्यानं निघालं. पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली जातंय. नुसतं ऑइल भरून हळू गेलं तर चालेल का?

पानाहातोडी, ११:२२
नाही. किल्ली बायकोकडे द्या आणि झोपा.

भटकी_मिनीबस, दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:१०
अपडेट. सकाळी डिकी उघडली. मालगुंडला सासूबाईंनी अमृत कोकमचा पाच लिटरचा कॅन घेतला होता, तो आरे-वारेच्या वळणांवर आडवा झालेला, झाकण किलकिलं. खुर्च्यांची कापडं गुलाबी, शेगडीत मुंग्यांचं वारूळ. ताटाएवढा डाग तोच. सासूबाई म्हणतायत, मला विचारलं असतं तर काल रात्रीच सांगितलं असतं.
ब्रेकचं मात्र वेगळंच निघालं. रत्नागिरीहून फिटर आला, ड्रम काढला, व्हील सिलिंडरची रबरं फाटलेली आणि लायनर भिजून चिंब. दोन्ही बाजूंची रबरं आणि लायनर बदलले, नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल भरून पाइपातली एअर काढली. जुनं ऑइल चहासारखं झालं होतं, कधी बदललं होतं विचारलं तर मला उत्तर देता आलं नाही. ते हवेतलं पाणी ओढतं म्हणे, दर दोन वर्षांनी बदला म्हणाला. उद्या निघतोय, ऑफिसला कळवलं.
कॅराव्हॅन काका, पंप ऐकण्याची युक्ती झकास आहे, लक्षात ठेवतो.

सह्याद्री_७८, ३:२५
म्हणजे जिभेला लावलं असतं तर कालच कळलं असतं.

रसिका, ३:२७
आणि ब्रेक ऑइलला लावली असती तर? कॅनमध्ये किती उरलंय भटकी?

भटकी_मिनीबस, ३:३०
दीड लिटर. फिटरला दोन ग्लास दिलं.

डिझेलदादा, ३:४१
सगळं ठीक आहे, पण जायच्या आधी स्टीअरिंगची क्लिप एकदा बघून घ्या.

भटकी_मिनीबस, ४:०५
बघितली. ढिली होती.